डेंटिस्टांना गेमचं डबडं हवं होतं, या भिडूनं त्यात गुपचूप कॉम्प्युटर लपवून ठेवला..

अमिगा १००० नावाचा एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याचं वरचं झाकण उघडून उलटं केलं की आतल्या प्लॅस्टिकवर सह्या दिसतात. ज्या टीमनं तो बनवला त्या टीममधल्या लोकांच्या सह्या. अन् त्या सह्यांच्या गर्दीत एक पंजा उमटलेला दिसतो. कुत्र्याचा.

हा कुत्रा म्हणजे मिची. ऑफिसात येणारा, सोफ्यावर बसणारा अन् ज्याच्या नावाची वेगळी पाटी मालकाच्या पाटीखाली लावलेली होती असा कुत्रा. मालक रात्र रात्र जागून चिपचे नकाशे काढायचा अन् अडलं की मिचीकडं बघायचा. मिचीनं मान हलवली की डिझाइन पास, असा टीममधला कायमचा विनोद होता.

या मालकाचं नाव जे माइनर. जगभरातले रेट्रो गेमवाले याला अमिगाचा बाप म्हणतात. पण गडी फक्त अमिगापुरता नाही. घरातल्या टीव्हीला मशीन जोडायचं, जॉयस्टिक हातात धरायची अन् स्क्रीनवरची यानं गोळ्या घालून उडवायची, हा जो उद्योग सत्तरच्या दशकाच्या शेवटी जगभर सुरू झाला, त्याच्यामागच्या तीन मोठ्या मशीनच्या चिप्समध्ये याचं डोकं आहे.

तर सुरुवातीपासून बघू.

जे माइनरचा जन्म ३१ मे १९३२ चा. गाव प्रेस्कॉट, राज्य ॲरिझोना. शाळा संपल्यावर तो अमेरिकेच्या कोस्ट गार्डमध्ये भरती झाला अन् तिथं त्याला पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक्स शिकायला मिळालं. १९५२ मध्ये कॅरोलाइनशी लग्न झालं. पुढं काही काळ रेडिओ ऑपरेटर म्हणून त्यानं अटलांटिक महासागरातल्या हवामान केंद्रांवर काढला. मग कॅलिफोर्नियात येऊन बर्कली विद्यापीठातून इंजिनिअरिंगची डिग्री घेतली.

तो शिकून बाहेर पडला तो काळच वेगळा होता. खोलीभर मावणारी सर्किट नखाएवढ्या सिलिकॉनवर बसवायची धडपड नुकतीच सुरू झाली होती. माइनर नेमका या धंद्यात शिरला. एमओएस नावाच्या नव्या तंत्राच्या चिप्सवर चालणारा पहिला कॅल्क्युलेटर बनला, त्या कामात तो होता. १९७३ मध्ये सिनर्टेक नावाची चिप कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांमध्येही तो होता.

सिनर्टेककडून चिप्स घेणाऱ्या गिऱ्हाइकांमध्ये एक नाव होतं अटारी.

पाँग या गेमनं अटारीनं बक्कळ पैसा कमावलेला. पण पाँगच्या मशीनवर फक्त पाँगच चालायचं. लोकांना कंटाळा आला की मशीन माळ्यावर. म्हणून अटारीला असं एक डबडं हवं होतं की ज्यात कार्ट्रिज बदलली की गेम बदलेल. कच्चा नमुना तयार होता. त्याची एका स्वस्त चिपमध्ये घडी घालणारा माणूस पाहिजे होता, तो माइनर. जो डेक्युअर नावाचा तरुण इंजिनिअर सोबतीला अन् काम सुरू झालं.

आता खरा प्रश्न बघा. मेमरी त्या काळी प्रचंड महाग. गिऱ्हाइकाला परवडायचं तर या मशीनमध्ये टाकता येणार होती फक्त १२८ बाइट मेमरी. केबी नाही, एमबी नाही, नुसते बाइट. आज कॉम्प्युटरमध्ये मराठी लिहिलं तर प्रत्येक अक्षर अन् प्रत्येक मात्रा साधारण ३ बाइट खाते. म्हणजे ४२ चिन्हं झाली की मेमरी संपली. व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा मेसेजसुद्धा मावायचा नाही.

आणि यात गेम बसवायचा.

साध्या पद्धतीनं गेलं तर स्क्रीनवरचं चित्र आधी मेमरीत साठवावं लागतं अन् मग ते टीव्हीला पाठवायचं. १६० बाय १९२ ठिपक्यांचं चित्र, तेही नुसतं काळं-पांढरं धरलं तरी ३८४० बाइट लागतात. हातात होते १२८. बरोबर तीसपट कमी.

माइनर अन् डेक्युअर यांनी यावर जो जुगाड काढला तो आजही इंजिनिअरिंगच्या पोरांना आवर्जून सांगितला जातो. जुना काचेचा टीव्ही चित्र एकदम दाखवत नसतो. आतला किरण डावीकडून उजवीकडं एक ओळ काढतो, मग खालची, मग त्याच्या खालची. सेकंदाला साठ वेळा अख्खा स्क्रीन. मग पूर्ण चित्र साठवायचंच कशाला? एका वेळी फक्त एका ओळीपुरती माहिती चिपमध्ये ठेवायची. किरण खालच्या ओळीवर जायच्या आत प्रोग्रामनं ती बदलायची. परत खालची ओळ, परत बदल. किरणाबरोबर धावण्याची शर्यतच म्हणायची.

ही चिप म्हणजे टीआयए. तिला पार्श्वभूमी सोडून फक्त पाच हलत्या वस्तू काढता यायच्या. दोन खेळाडू, त्या दोघांच्या दोन गोळ्या अन् एक चेंडू. कारण डोळ्यांसमोर दोनच प्रकारचे गेम होते, रणगाड्यांची मारामारी अन् पाँग. पुढं यावर शेकडो गेम निघतील असं बनवणाऱ्यांनाही वाटलं नव्हतं.

पण या चिपमध्ये एक गोष्ट अशी होती की जिच्यामुळं शूटर गेमवाल्यांचं भलं झालं. गोळी यानाला लागली की नाही हे तपासायचं काम कोणी करायचं? बिचाऱ्या प्रोसेसरला तर एका ओळीत ७६ ठोके मिळायचे, त्यात तो चित्र बदलण्यातच मेटाकुटीला आलेला. म्हणून हे काम चिपनंच अंगावर घेतलं. पाच वस्तू अन् पार्श्वभूमी मिळून सहा, त्यांच्या जोड्या होतात पंधरा. कुठल्याही जोडीचे ठिपके एकमेकांवर आले की चिप आपोआप खूण करून ठेवायची. प्रोग्रामरनं नंतर फक्त खूण बघायची अन् स्फोटाचा आवाज वाजवायचा.

१९७७ मध्ये हे मशीन अटारी व्हीसीएस म्हणून बाजारात आलं. पुढं यालाच अटारी २६०० म्हणायला लागले. सुरुवातीला विक्री बेताचीच होती. मग १९८० मध्ये स्पेस इनव्हेडर्सची कार्ट्रिज आली अन् लोक त्या एका गेमसाठी मशीन विकत घ्यायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, दोनच खेळाडू काढणाऱ्या चिपवर परग्रहवासीयांची फौज कशी काय उभी राहिली? तर टीआयएमध्ये एका खेळाडूच्या शेजारी शेजारी तीन नकला काढायची सोय होती. दोन खेळाडू गुणिले तीन, म्हणजे एका ओळीत सहा. किरण खाली सरकला की तेच दोन खेळाडू नवं रूप घेऊन पुढच्या रांगेत हजर. अशा सहा रांगा. छत्तीस जणांची फौज प्रत्यक्षात दोघांचीच होती. हे मशीन १९९२ पर्यंत बनत राहिलं अन् तीन कोटींच्या आसपास विकलं गेलं.

पण माइनर व्हीसीएसवर थांबला नव्हता. पुढचं काम त्याच्याहून मोठं होतं. अटारीचे घरगुती कॉम्प्युटर, ४०० अन् ८००, १९७९ साली आले. यात प्रोसेसरच्या जोडीला खास चिप्सची टोळी दिली होती. अँटिक नावाची चिप स्क्रीनची मांडणी सांभाळणार, सीटीआयए रंग अन् हलत्या आकृत्या, पोकी आवाज अन् कीबोर्ड. मुख्य प्रोसेसर त्या काळातला साधाच, ६५०२. पण बाकीची हमाली इतरांनी वाटून घेतल्यामुळं तो गेमचं डोकं चालवायला मोकळा. बाजारातल्या इतर कॉम्प्युटरवर हिशोब अन् टायपिंग चालायचं तेव्हा यावर आकाश सरकत होतं.

यातली पोकी बनवणाऱ्यांपैकी एक होता डग न्यूबावर. त्यानं फावल्या वेळात या मशीनवर एक गेम लिहिला, स्टार रेडर्स. तुम्ही यानाच्या खिडकीत बसलाय, समोरून तारे अंगावर येतायत, झायलॉन नावाचे शत्रू तुमच्या तळांना वेढा घालतायत अन् नकाशा बघून उडी कुठं मारायची ते तुम्ही ठरवायचं. नुसतं गोळ्या झाडून चालत नव्हतं, इंधनाचाही हिशोब ठेवावा लागायचा. हे सगळं ८ केबीच्या कार्ट्रिजमध्ये. आज फोनवरचा एखादा धूसर फोटोसुद्धा याच्या कैकपट मोठा असतो. दुकानदार हा गेम लावून ठेवायचे अन् गिऱ्हाईक अटारी ८०० घेऊन जायचं. २००७ मध्ये व्हिडिओ गेमच्या इतिहासातले जपून ठेवावेत असे दहा गेम अभ्यासकांनी निवडले, त्यात स्टार रेडर्स आहे.

इतकं सगळं छान चाललेलं असताना माइनरनं अटारी सोडली.

झालं असं की मोटोरोलानं ६८००० नावाचा नवा प्रोसेसर आणला होता. माइनरला पुढचा कॉम्प्युटर त्याच्यावर बनवायचा होता. अटारीला चालू माल विकायचा होता. खर्च नको, नवा प्रयोग नको. माइनरनं बॅग भरली अन् झायमॉस नावाच्या कंपनीत गेला. तिथं काम काय तर हृदयाच्या पेसमेकरच्या चिप्स. गेमचा अन् त्याचा संबंध संपला असंच वाटत होतं.

१९८२ मध्ये लॅरी कॅप्लानचा फोन आला. कॅप्लान हा अटारीचा जुना प्रोग्रामर, ॲक्टिव्हिजन काढणाऱ्यांपैकी एक. त्याच्या डोक्यात नवी गेम कंपनी होती. पैसे कोण देणार? फ्लोरिडातले डेंटिस्ट. हो, दातांचे डॉक्टर. व्हिडिओ गेमच्या धंद्यात पैसा पाण्यासारखा वाहतोय हे बघून त्यांनाही त्यात हात धुवून घ्यायचे होते. हाय-टोरो नावाची कंपनी निघाली, टोंका या खेळण्यांच्या कंपनीतून आलेला डेव्ह मोर्स कारभारी झाला. कॅप्लान थोड्याच दिवसांत सोडून गेला अन् तांत्रिक बाजूची सगळी जबाबदारी माइनरवर आली. कंपनीचं नाव बदलून अमिगा झालं. स्पॅनिशमध्ये अमिगा म्हणजे मैत्रीण.

डेंटिस्टांना हवं होतं जगातलं सगळ्यात भारी गेम मशीन. माइनरनं मान डोलावली अन् डिझाइन करताना मशीनमध्ये अशी जागा सोडली की उद्या त्याला कीबोर्ड अन् डिस्क ड्राइव्ह जोडला की पूर्ण कॉम्प्युटर तयार. आत प्रोसेसर तोच, ६८०००. अटारीत नाही म्हटलेलं स्वप्न त्यानं दुसऱ्याच्या पैशातून पुरं करायला घेतलं. तेव्हा त्याचं वय पन्नास. आजूबाजूची पोरं विशी-तिशीतली, ती त्याला प्रेमानं पाद्रे म्हणायची.

स्पर्धकांना पत्ता लागू नये म्हणून कंपनी बाहेरच्या जगाला जॉयस्टिक बनवणारी म्हणून दाखवली जायची. मशीनचं टोपणनाव होतं लॉरेन, मोर्सच्या बायकोच्या नावावरून. चिप्सनाही बायकांची नावं. अखेरीस ठरली ती अ‍ॅग्नस, डेनिस अन् पॉला. फोनवर कोणी चोरून ऐकलंच तर पोरं मैत्रिणींबद्दल बोलतायत असं वाटावं, हा हिशोब.

कंपनीनं खरंच विकलेली एक वस्तू होती जॉयबोर्ड. हातात धरायच्या ऐवजी त्याच्यावर उभं राहून तोल सांभाळत खेळायचं. तो फारसा चालला नाही. पण मशीन सारखं क्रॅश व्हायला लागलं की टीममधली पोरं त्या जॉयबोर्डवर मांडी घालून अजिबात न हलता बसायची, डोकं शांत करायला. त्यातूनच अमिगा बंद पडल्यावर येणाऱ्या एररचं नाव पडलं गुरू मेडिटेशन. लाल चौकटीतली ही पाटी पुढं लाखो लोकांनी शिव्या घालत पाहिली.

१९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. दुकानांत कार्ट्रिज मातीमोल भावानं विकायला लागल्या. नुसतं गेम मशीन बनवत बसले असते तर अमिगा तिथंच संपली असती. पण माइनरनं आत कॉम्प्युटर लपवलेला होताच. डेंटिस्टांना तो दाखवायची वेळ आता आली होती.

जानेवारी १९८४ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात लॉरेन न्यायचं ठरलं. तेव्हा चिप्स तयारच नव्हत्या. प्रत्येक चिपच्या जागी साध्या भागांनी भरलेल्या बोर्डांची चळत अन् त्यांना जोडणाऱ्या वायरींचं जंगल. सामानात टाकलं तर मोडणार. म्हणून विमानात लॉरेनसाठी वेगळी सीट काढली. प्रवाशाचं नाव टाकलं जो पिलो. आजूबाजूला उशा लावून हा पिलोसाहेब लास वेगासला पोचला.

तिथं पुढं जॉयस्टिक मांडून ठेवलेल्या अन् मागच्या बंद खोलीत निवडक लोकांना लॉरेन दाखवत होते. स्क्रीनवर लाल-पांढऱ्या चौकटींचा एक मोठा चेंडू गरगर फिरत टप्पे घेत होता. बघणारे टेबलाखाली वाकून मोठा कॉम्प्युटर कुठं लपवलाय ते शोधायचे. असला कुठला कॉम्प्युटर नव्हताच.

कौतुक झालं, पण पैसे संपले. माइनरनं स्वतःच्या घरावर दुसरं कर्ज काढलं अन् लोकांचे पगार भागवले. इथं एक गोष्ट सांगायला हवी. माइनरच्या किडन्या आयुष्यभर त्रास देत आल्या होत्या. तब्येतीचा असा कायमचा घोर लागलेल्या पन्नाशीच्या माणसानं राहतं घर एका अर्धवट मशीनवर लावलं होतं.

मदतीला आली ती जुनी अटारीच. तिनं ५ लाख डॉलर उसने दिले, पण अट अशी की जूनच्या अखेरीपर्यंत सौदा झाला नाही अन् पैसेही परत आले नाहीत तर चिप्सचं तंत्रज्ञान अटारीचं. मुदत जवळ येईल तसा अटारी शेअरचा भाव पाडत गेली, तो ९८ सेंटपर्यंत आला. गळ्याला फास लागलेलाच होता.

शेवटच्या क्षणी कमोडोर धावून आली. अटारीचे ५ लाख परत गेले अन् ऑगस्ट १९८४ मध्ये कमोडोरनं शेअरला सव्वाचार डॉलर देऊन अख्खी अमिगा विकत घेतली. गंमत म्हणजे कमोडोर उभी करणारा जॅक ट्रमिएल त्याच वर्षी तिथून बाहेर पडला होता अन् त्यानं जुलैमध्ये अटारीचा घरगुती कॉम्प्युटरचा धंदा घेतला होता. म्हणजे अटारीचा जुना माणूस कमोडोरकडं अन् कमोडोरचा जुना माणूस अटारीकडं. पुढं अनेक वर्षं अमिगावाले अन् अटारी एसटीवाले एकमेकांशी आजच्या आयफोन-अँड्रॉइडवाल्यांसारखे भांडत राहिले.

२३ जुलै १९८५. न्यूयॉर्कचं लिंकन सेंटर. कमोडोरनं अमिगा १००० थाटात लाँच केला. चित्रकार अँडी वॉरहॉलनं स्टेजवर गायिका डेबी हॅरीचं चित्र अमिगावर रंगवून दाखवलं. ४०९६ रंग, चार चॅनेलचा स्टिरिओ आवाज अन् एका वेळी अनेक प्रोग्राम चालवायची सोय. किंमत १२९५ डॉलर. माइनर मेमरीसाठी कमोडोरशी भांडला होता. त्याला ५१२ केबी हवी होती, कमोडोरला २५६ मध्ये भागवायचं होतं. शेवटी मशीनच्या पुढच्या बाजूला मेमरी वाढवायचा खाचा ठेवून तडजोड झाली.

माइनरला विमानाच्या सिम्युलेटरचं भारी वेड. पायलटांच्या ट्रेनिंगचं महागडं यंत्र बघून आल्यावर त्यातल्या कल्पना त्यानं चिप्समध्ये आणल्या. ब्लिटर नावाचा भाग चित्रांचे तुकडे प्रोसेसरला न विचारता झपाट्यानं इकडून तिकडं हलवायचा. कॉपर नावाचा भाग टीव्हीच्या किरणावर नजर ठेवून हव्या त्या ओळीवर रंग बदलायचा. व्हीसीएसमध्ये प्रोग्रामरला जीव काढून पळावं लागत होतं ती शर्यत आता चिप स्वतः पळत होती.

शूटर गेमवाल्यांना आणखी काय पाहिजे? १९८७ मध्ये स्वस्तातला अमिगा ५०० आला अन् युरोपातल्या घराघरांत घुसला. झेनॉन २, प्रोजेक्ट-एक्स असले गेम आले. मागं आकाशाचे दोन-दोन पडदे वेगवेगळ्या वेगानं सरकतायत, यानांच्या झुंडी येतायत, स्क्रीनभर गोळ्या अन् वर दणकेबाज गाणं. आर्केडमध्ये नाणं टाकून जे मिळायचं त्याच्या जवळपासचं काहीतरी आता बेडरूममध्ये मिळत होतं. त्या दहा जपण्याजोग्या गेममधला सेन्सिबल वर्ल्ड ऑफ सॉकर हाही मुळात अमिगावरचाच.

कमोडोरला मात्र हातात काय आलंय हे नीट विकताच आलं नाही. हा गेमचा कॉम्प्युटर की ऑफिसचा, हेच त्यांना लोकांना सांगता येईना. कॅलिफोर्नियातलं अमिगाचं ऑफिस बंद झालं, टीम पांगली. माइनरनं पुढच्या पिढीच्या चिप्सचं डिझाइन केलं होतं, रेंजर नावाचं. ते बाजारात आलंच नाही. तो काही काळ सल्लागार म्हणून राहिला, अमिगावाल्यांच्या मेळाव्यांना जायचा, पोरांशी तासन् तास गप्पा मारायचा. घरी बोन्साय वाढवायचा अन् बायकोबरोबर स्क्वेअर डान्सला जायचा.

किडन्या निकामी होत गेल्या तसं डायलिसिस आलं. बहिणीनं स्वतःची एक किडनी दिली, त्यावर गडी आणखी काही वर्षं चालला. त्याची शेवटची नोकरी व्हेंट्रिटेक्स या कंपनीत होती. काम चिप डिझाइनचंच, पण छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरसाठी. हृदयाचे ठोके बिघडले की आतूनच झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं यंत्र.

२९ एप्रिल १९९४ ला कमोडोरनं दिवाळखोरी जाहीर केली. २० जून १९९४ ला कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या हॉस्पिटलमध्ये जे माइनर गेला. वय ६२.

टीआयएवर आजही हौशी लोक नवे शूटर गेम लिहितात, कार्ट्रिजमध्ये भरून विकतातही. मेमरी तेवढीच, १२८ बाइट.